मिराज डोक्यावरून जातं, पण टेबल अडीच फुटांचं आहे

काका नमस्कार,

मी ग्वाल्हेरचाच, लष्करला राहतो, बाड्याच्या मागे. महाराजपुऱ्याच्या वायुदल तळावरून उठलेली मिराज लढाऊ विमानं गच्चीतून बघत बघत मोठा झालो, त्यामुळे विमानांचं वेड आहे. पायलट होणं काही जमलं नाही, चष्मा आडवा आला. आता नोकरी लागलीय, घरी कॉम्प्युटर बऱ्यापैकी आहे, तर संध्याकाळी फ्लाइट सिम, म्हणजे विमान उडवायचा गेम, उडवतो. आत्तापर्यंत चुलत भावाच्या गेमपॅडवर भागवलं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सेसना घेऊन आग्रा, खजुराहो असं फिरतो, आणि डीसीएस, म्हणजे लढाऊ विमानांचा सिम, पण टाकून ठेवलंय कारण एक ना एक दिवस मिराज उडवायचंच आहे.

आता जॉयस्टिक घ्यायचीय. बजेट १५ हजार, फारच ओढलं तर २०. तीन गोष्टी बघून ठेवल्यात. एक, थ्रस्टमास्टरचं टी.फ्लाइट हॉटास, स्टिक आणि थ्रॉटल (इंजिनचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) एकत्र जोडलेलं. दोन, त्यांचीच टी.१६०००एम, नुसती स्टिक बजेटमध्ये बसते पण थ्रॉटलसकट सेट वर जातो. तीन, भोपाळचा एक जण वापरलेला वॉर्थॉग विकतोय, अख्खा मेटलचा, २० ला देईन म्हणतो. पेडल्स नाहीयेत त्याच्याकडे.

अजून दोन गोष्टी. मी डावखुरा आहे, म्हणजे लिहितो-जेवतो डाव्याने, माऊस मात्र उजव्यानेच चालवतो. आणि टेबल अडीच फुटांचं आहे, त्याच्यावरच मॉनिटर आणि बाबांचा प्रिंटर. बाबा म्हणतात एवढ्या पैशात इन्व्हर्टरची नवी बॅटरी येईल. काय घेऊ?

— एक डावखुरा, लष्कर

—

हे बघ, बाबांचं तसं बरोबरच आहे, मे महिन्यात लाईट गेली की तुला पण ते पटेल, पण प्रश्न तू मला विचारलायस म्हणून तुझ्या बाजूने बोलतो.

तू तीन नावं आधी लिहिलीस आणि डावा हात, टेबल हे शेवटी, जाता जाता. मी उलटं वाचलं. कारण जॉयस्टिक घेणारे बहुतेक जण नाव बघून घेतात, व्हिडिओ बघून घेतात, मग ती घरी येते आणि कळतं की ठेवायला जागाच नाही, किंवा जे विमान रोज उडवतो त्याच्यासाठी तिचा अर्धा भाग कामाचाच नाही. महिन्याभरात ती कपाटावर जाते. तुझं तसं होऊ नये म्हणून वॉर्थॉगपासून सुरुवात करतो कारण मला माहितीय तुझा जीव त्याच्यातच अडकलाय.

वॉर्थॉग चीज जबरदस्त आहे यात वाद नाही. २०१० मध्ये आला, अमेरिकेच्या ए-१० विमानाच्या स्टिक आणि थ्रॉटलची नक्कल आहे, दोन्ही मिळून वजन साडेसहा किलोच्या आसपास, हातात घेतला की खेळणं वाटतच नाही. पण त्याच्या स्टिकला ट्विस्ट नाही. म्हणजे हँडल गोल फिरवून रडर (शेपटीवरचं उभं पातं, जे नाक डावी-उजवीकडे वळवतं) देता येत नाही, रडरसाठी पायाखाली पेडल्स हवेतच, आणि तूच लिहिलंयस की पेडल्स त्याच्याकडे नाहीत. मग २० हजार घालून तुझ्याकडे काय येणार, तर विमान वरखाली करता येईल, कलवता येईल, पण नाक डावी-उजवीकडे वळवायला कीबोर्डची दोन बटणं. आता तू म्हणशील की सिममध्ये ऑटो-रडर असतं, म्हणजे रडर सिमच सांभाळतो. असतं ना, मायक्रोसॉफ्टच्यात आहे. पण मग गेमपॅड काय वाईट होता?

रडरचं महत्त्व तुला अजून जाणवलं नसेल कारण सेसना बऱ्यापैकी माफ करते. एक प्रयोग कर, पैसे लागत नाहीत. डीसीएसमध्ये दोन विमानं फुकट येतात, सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी, ही दुसरी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगची बिनहत्यारी दोन सीटवाली आवृत्ती. ती घे, सेटिंगमध्ये जाऊन टेकऑफची मदत आणि ऑटो-रडर बंद कर, आणि रनवेवर थ्रॉटल एकदम पूर्ण दे. विमान डावीकडे असं ओढलं जाईल की सरळ गवतात. पुढचा एवढा मोठा पंखा फिरतो त्याचा परिणाम आहे तो, आणि त्याला उजवा रडर हळूहळू देत, परत सोडत, परत देत सांभाळावं लागतं. हे बटणाने होत नाही, बटण म्हणजे एकतर पूर्ण नाहीतर काहीच नाही. त्यामुळे माझा पहिला नियम, पेडल्स नसतील तर ट्विस्टवालीच स्टिक घ्यायची. वॉर्थॉग इथेच बाद, भोपाळवाल्याला नम्रपणे नाही म्हण.

आणि एक गंमत सांगतो, तुला उडवायचंय मिराज २०००. त्याला इंजिन किती? एकच. वॉर्थॉगच्या थ्रॉटलला दोन वेगवेगळे दांडे आहेत कारण ए-१० ला दोन इंजिनं आहेत, त्याच्यावरचे फ्लॅप, ऑटोपायलटचे खटके सगळे ए-१० च्या हिशोबाने लिहिलेले. तुझ्या सेसनालाही एकच इंजिन. म्हणजे तू ज्याच्यासाठी पैसे देणार होतास त्याचा अर्धा दांडा तुझ्या कामाचाच नाही.

आता राहिले दोन. यांच्यातला खरा फरक बाहेरून दिसत नाही, आत आहे, आणि आपल्या गावात तो जास्तच महत्त्वाचा.

स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतात. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचे तेच: आत कार्बनची पट्टी, तिच्यावर एक छोटी पत्ती घासत फिरते, आणि पत्ती कुठे आहे त्यावरून कॉम्प्युटरला स्टिक कुठे आहे ते कळतं. घासतं म्हटल्यावर झिजणार, आणि मध्ये धूळ गेली की सिग्नल उड्या मारणार. तुझ्या हाताने काहीच केलेलं नसतं आणि विमान अचानक खांदा टाकतं. टी.फ्लाइट हॉटास या जातीतलं आहे. टी.१६०००एम मध्ये मुख्य दोन अक्षांना, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवी, हॉल सेन्सर आहे. एडविन हॉल नावाच्या माणसाने १८७९ मध्ये शोधलेला परिणाम आहे हा, चुंबक सरकलं की जवळच्या सेन्सरमधलं व्होल्टेज बदलतं, बस. कशालाच काही टेकत नाही म्हणून झिजायलाही काही नाही आणि धुळीला अडकायलाही जागा नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून राजस्थानकडून जी लू, म्हणजे गरम धुळीचा वारा, येते, दारं-खिडक्या लावल्या तरी सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, तिथे ही गोष्ट छोटी नाही. मुंबईचा माणूस तुला म्हणेल पोटेन्शियोमीटरवाली पण वर्षानुवर्षं चालते. त्याची चालत असेल.

बारकाव्याचाही फरक आहे. टी.१६०००एम एका अक्षाचे १६,३८४ टप्पे ओळखते. साध्या ८ बिटच्या अक्षाला २५६ च टप्पे असतात. तुला वाटेल एवढे टप्पे हाताला थोडेच कळणार, पण डीसीएसमध्ये दुसऱ्या विमानाच्या शेजारी चिकटून उडायला जा किंवा हवेत तेल भरायला जा, तिथे हात केसभर हलवायचा असतो आणि विमानही केसभरच हलायला हवं.

पण टी.१६०००एमची आरती करून थांबणं बरं नाही, तिच्यातही खोट आहे. ट्विस्टला मात्र साधा पोटेन्शियोमीटरच आहे, आणि जुनी झाली की तिथेच थरथर सुरू होते, ही तक्रार खूप ठिकाणी ऐकू येते. तेव्हा सिममध्ये रडरला दोन-तीन टक्के डेडझोन दे, म्हणजे मधली तेवढी हालचाल सिम मोजणारच नाही, आणि कधीतरी कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, हा मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतो. बाकी ती सगळी प्लास्टिकची आहे, वजनाला हलकी, जोरात ओढली की टेबलावरून उचलली जाते. भारी वगैरे वाटत नाही हातात. पण तुझ्या पैशात मला तरी तीच बरोबर वाटते, आणि त्याचं दुसरं कारण तुझा डावा हात.

बाजारातल्या बहुतेक स्टिक उजव्या हाताच्या मुठीच्या आकाराच्या घडवलेल्या असतात, डाव्याने धरलं की अंगठ्याला टेकायची जागाच चुकीच्या बाजूला. टी.१६०००एमच्या हँडलचे तुकडे स्क्रू काढून बदलता येतात, डाव्यासाठी वेगळे, उजव्यासाठी वेगळे, बेसवरची बटणं दोन्ही बाजूंना सारखी सहा-सहा. डावखुऱ्यांसाठी या किमतीत असं फार कमी मिळतं.

पण थांब. डावखुरा आहेस म्हणून स्टिक डाव्यातच धरायची असं मला मुळीच वाटत नाही. लढाऊ विमानात डावखुऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था नसते. मिराजमध्ये स्टिक मधोमध, ती उजव्या हाताने धरायची, थ्रॉटल डावीकडे. एफ-१६ मध्ये तर स्टिक उजव्या बाजूलाच बसवलेली, डाव्या हाताला ती धरायची म्हटलं तरी पोचणार नाही. डावखुरे पायलटही असंच शिकतात आणि शिकून जातात, कारण स्टिक चालवणं म्हणजे काही सही करणं नाही, ते दोन-तीन आठवड्यांत कुठल्याही हाताला येतं. उलट तुझा डावा हात बारीक कामाला चांगला, तो थ्रॉटलवर वाया जात नाही, मिराजच्या थ्रॉटलवर ढीगभर बटणं आहेत, रडार त्याच्यानेच हलवायचं.

आता मायक्रोसॉफ्टच्या सिमकडे ये. तिथे तू कॉकपिटमधले खटके, नॉब, रेडिओची फ्रिक्वेन्सी सगळं माऊसने फिरवतोस, आणि माऊस तुझा उजव्या हातात. मग तिथे स्टिक डाव्या हातात घे की! एअरबसमध्ये डावीकडच्या सीटवर बसलेला कॅप्टन डाव्या हातानेच साइडस्टिक धरतो आणि उजव्याने थ्रॉटल, रोज हजारो लोक असे उडतात. म्हणजे तुझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा, सेसना-एअरबसला डाव्यात, डीसीएसला उजव्यात. फक्त हँडलचे तुकडे रोज बदलायचा कंटाळा येईल, ते उजव्याचेच राहू दे किंवा अंगठ्याचा तुकडा मधल्यासारखा ठेवून बघ काय जमतं ते.

बरं, थ्रॉटल. यावर लोक जरा जास्तच भावुक होतात. हॉटास या नावाचाच अर्थ मुळी हात थ्रॉटलवर आणि स्टिकवर, म्हणजे लढाई चालू असताना पायलटला हात उचलायला लागू नये म्हणून सगळी महत्त्वाची बटणं या दोन गोष्टींवरच. त्यामुळे डीसीएससाठी वेगळा थ्रॉटल हवा हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. आणि मिराजला तर खासच हवा. त्याचं कारण असं की मिराज त्रिकोणी पंखाचं, मागे वेगळी शेपटीची आडवी पाती नाहीत, ते उतरतं नाक बरंच वर करून. महाराजपुऱ्याकडे कधी संध्याकाळी उतरताना पाहिलं असशील, नाक वर, पोट पुढे, जणू मागच्या चाकांवर बसायलाच चाललंय. अशा वेळी नाक जरा जास्त वर झालं की हवेचा अडथळा एकदम वाढतो, वेग पडतो, मग थ्रॉटल वाढव, मग जरा जास्त होतं, कमी कर, असं रनवे येईपर्यंत डावा हात सतत पुढेमागे. टी.१६०००एमच्या बेसवर जी छोटीशी थ्रॉटलची पट्टी आहे ती बोटभर सरकते. तिच्यावर हे होतं, पण चिडचिड होते.

तरी तुला म्हणतो, वेगळा थ्रॉटल आत्ता घेऊ नकोस. तू स्वतःच लिहिलंयस की रोज उडवतोस सेसना, आणि मिराज एक ना एक दिवस. सेसनाला ती छोटी पट्टी पुरते, मिक्श्चरला (इंजिनातल्या इंधन-हवेच्या प्रमाणाला) एखादं बटण दिलं की झालं. आधी स्टिक घे, दोन-तीन महिने उडव, आणि खरंच डीसीएसमध्ये संध्याकाळी जायला लागल्या तर त्याच जोडीचा थ्रॉटल घे, टीडब्ल्यूसीएस म्हणतात त्याला. तो गोल फिरत नाही, रुळावर सरळ सरकतो, चांगला लांबलचक, आणि पुढच्या बाजूला बोटांसाठी रडरची पट्टी पण आहे, म्हणजे उद्या स्टिकच्या ट्विस्टने दगा दिला तर रडर तिकडे हलवता येतो. त्याचा आकार मात्र डाव्या हाताचाच, तेव्हा डीसीएसमध्ये स्टिक उजव्यात धरायची सवय आत्तापासूनच लावलेली बरी. रुळावरच्या ग्रीसला धूळ चिकटली की तो अडकत अडकत सरकतो, वर एखादा जुना रुमाल टाकून ठेवत जा. खाली एक स्क्रू आहे त्याने घट्ट-सैल करता येतं.

दोन्ही एकदम घेतलं तर सेट बहुधा स्वस्त पडतो हे मला ठाऊक आहे आणि दुकानदार तुला तेच सांगेल. पण तुझा सेट बजेटच्या वर जातोय आणि टेबल अडीच फुटांचं आहे.

टी.फ्लाइट हॉटास वाईट आहे असं नाही. माझा भाचा जर बारा-तेरा वर्षांचा असता आणि त्याला पहिलीच स्टिक घ्यायची असती तर तीच घेऊन दिली असती, त्यात ट्विस्ट आहे, नको असेल तर लॉक होतं, थ्रॉटल खरोखरचा मोठा, आणि स्टिक-थ्रॉटल एकमेकांना जोडून एकच वस्तू करता येते. पण थ्रॉटलला बरोबर अर्ध्यावर एक खटका आहे, आणि उतरताना तुझा हात नेमका तिथेच घुटमळणार. शिवाय धुळीचं वर सांगितलंच.

टेबलाचं आता बघू. आज रात्री एक कर, मॉनिटर आणि प्रिंटर जिथे आहे तिथेच ठेवून उरलेल्या जागेत एक वही ठेव, साधी शाळेची मोठी वही, तिच्यापेक्षा स्टिकच्या बेसला फार जास्त जागा लागत नाही. मग खुर्चीवर बसून त्या वहीच्या वर हवेत मूठ धर. कोपर कुठे जातंय बघ. आपल्याकडची अभ्यासाची टेबलं उंच असतात, त्यावर स्टिक ठेवली की मूठ अजून वर जाते, खांदा उचलला जातो, आणि अर्ध्या तासात मान धरते. लोकांना वाटतं स्टिक खराब आहे, खरं म्हणजे ती सहा इंच वर आहे. खऱ्या विमानात स्टिक दोन पायांच्या मध्ये किंवा मांडीच्या शेजारी असते, हात खाली सैल पडलेला.

याच्यावर बाहेरचे लोक हजारोंचे क्लॅम्प घेतात. आपल्याकडे घरात जुना पाट असेल, जेवायला बसायचा लाकडी पाट, तो खुर्चीच्या दोन हातांवर आडवा टाक आणि स्टिक त्याच्यावर वेल्क्रोच्या पट्टीने चिकटव. वेल्क्रो शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतो, रुंदवाला घे. खुर्चीला हात नसतील तर पायांच्या मध्ये बुटकं स्टूल. यातून स्टिकची हलकी असण्याची खोटही झाकली जाते आणि टेबल बाबांच्या प्रिंटरला मोकळं राहतं, घरात शांतता. फक्त आजीचा पाट असेल तर वेल्क्रो चिकटवण्याआधी विचारून घे, त्यात मी पडणार नाही.

आता समजा तरीही तुला वापरलेलीच घ्यायचा मोह झाला, कारण टी.१६०००एम वापरलेली पण फिरत असतेच, तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नकोस. लॅपटॉप बरोबर घेऊन जा. विंडोजची की आणि आर दाब, त्यात जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप कर, एक जुनाट खिडकी उघडते, त्यात प्रॉपर्टीज. एका चौकटीत छोटा अधिक चिन्हासारखा ठिपका दिसेल, ती तुझी स्टिक. तिला अगदी हळू, कडेकडेने एक पूर्ण गोल फिरव. ठिपका गुळगुळीत फिरला पाहिजे, कुठेही उडी नको. मग पुढे नेऊन हळूच सोड, मागे नेऊन सोड, दोन्ही बाजूंना नेऊन सोड, आणि ठिपका प्रत्येक वेळी त्याच जागी परत येतो का बघ. मग ट्विस्ट किंचित फिरवून तसंच धरून ठेव, हात न हलवता. पट्टी थरथरत असेल तर किंमत कमी करायला लाव, नाचत असेल तर घरी ये. शेवटी सगळी बटणं, वरचं टोपीसारखं बटण आठी दिशांना, आणि बेसजवळ केबल हलकेच वाकवून बघ मध्येच तुटतंय का. पाच मिनिटांचं काम आहे. विकणारा म्हणाला की आत्ता लाईट नाहीये, कॉम्प्युटर बंद आहे, तर त्याला म्हण लॅपटॉप माझा चार्ज आहे.

कोणीतरी तुला व्हीकेबीची ग्लॅडिएटर पण सुचवेल. सुचवणारा चुकीचा नसेल, ट्विस्टसकट सगळे सेन्सर न घासणारे, आणि डाव्या हाताची वेगळी आवृत्तीसुद्धा कंपनी काढते. पण बाहेरून मागवायची म्हणजे वर कुरिअर, त्याच्यावर कस्टम्स, आणि बिघडली तर परत पाठवण्याचा खर्च तुझा. पहिल्या स्टिकला एवढं झंझट नको.

घरी आल्यावर लगेच उडायला बसशील आणि विमान वेड्यासारखं वागेल, तेव्हा स्टिकला शिव्या घालू नकोस. डीसीएस प्रत्येक नवीन यंत्राला आपल्या मनाने कामं वाटून देतं. गेमपॅड लावलेला राहिला असेल तर त्याची काडी पण पिचला (नाक वर-खाली करायला) आणि तुझी स्टिक पण पिचला, दोघं ओढाताण करतात. कंट्रोल्समध्ये अक्षांच्या यादीत जा, गेमपॅडच्या रकान्यातलं सगळं पुसून टाक. थ्रॉटल उलटा चालत असेल, म्हणजे पुढे केला की इंजिन मंद, तर त्याच ठिकाणी उलटं करायची खूण आहे. पिच आणि रोलला (विमान कलवण्याला) १५-२० चा कर्व्ह दे, कारण तुझी स्टिक खऱ्या विमानातल्या स्टिकपेक्षा फार बुटकी आहे, तेवढ्याच हालचालीत विमान जास्त वळतं, कर्व्हमुळे मधला भाग शांत होतो. हॉल सेन्सरला मुख्य अक्षांवर डेडझोन देऊ नकोस, गरज नाही. यूएसबी मागच्या पोर्टला लाव, स्वस्तातल्या हबला नाही, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी झोपवणारा जो पर्याय असतो तो बंद कर, नाहीतर लांबच्या उड्डाणात स्टिक मध्येच गायब.

थ्रॉटलचे जे पैसे वाचले त्यातले थोडे, अगदी थोडे, एका साध्या वेबकॅमवर घाल, नसेल तर. ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते वेबकॅमने तुझं डोकं बघतं आणि तू मान वळवलीस की कॉकपिटमधली नजर वळते. यात न्यूरलनेट ट्रॅकर निवडायचा, मग कपाळावर दिवे-बिवे काही लावावे लागत नाहीत. फक्त चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, मागून खिडकीचा नको. हे मी फार मनापासून सांगतोय, आग्र्याच्या सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या फेरीत, उजवीकडे मान वळवून रनवे शोधता येणं यात जी मजा आहे ती कुठल्याच मेटलच्या थ्रॉटलमध्ये नाही.

आणि मिराज. डीसीएसमध्ये ज्याचं मॉड्यूल (वेगळं विकत घ्यायचं विमान) आहे ते फ्रेंच वायुदलाचं २०००सी, आपल्याकडे १९८५ मध्ये महाराजपुऱ्याला आली त्यांचं भावंड. ते बनवणाऱ्या रॅझबॅम कंपनीचा आणि डीसीएसवाल्यांचा पैशांवरून वाद २०२४ मध्ये जाहीर झाला, म्हणून आंधळेपणाने कार्ड काढू नकोस, त्या दिवशी विक्रीला आहे का आणि पुढचे अपडेट कोण देणार ते तिथेच वाचून घे. बरीच मॉड्यूल १४ दिवस ट्रायलवर फुकट मिळतात, एखादं डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंखाचं नसलं तरी दुसरं कुठलं तरी जेट घेऊन बघ की रोज दीडशे खटके लक्षात ठेवायला तुला आवडतंय का. नाही आवडलं तरी काही बिघडत नाही, स्टिक सेसनालाही लागतेच.

दुकानातून घेतलीस तर बिल आणि खोका दोन्ही माळ्यावर टाक, टीडब्ल्यूसीएस घ्यायची वेळ आली की परत लिही, तोपर्यंत मी ते रूळ साफ कसे करायचे ते सविस्तर लिहून ठेवतो.

— काका, मुरार